केसवाल्या ऑर्तांसचा राजा

गोद्रोंच्या कारखान्यात केस कोरायचे ते ऑर्तांसनेच. संतांच्या दाढ्या, सरदारांच्या मिशा, फॅशनच्या मासिकातल्या बायकांचे अंबाडे, घोड्यांच्या शेपट्या, एकदा तर सर्कशीच्या जाहिरातीतल्या सिंहाची आयाळ. पॅरिसमधल्या त्या तिसऱ्या मजल्यावर केसाळ म्हणून जे जे यायचं ते फिरून तिच्याच टेबलावर यायचं. पूर्ण नाव ऑर्तांस कोलिनो. पण गल्लीतल्या पाववालीपासून सगळे तिला केसवाली ऑर्तांसच म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे.

त्या कामाची रीतच तशी होती. पुस्तकातली चित्रं लाकडाच्या ठशावरून छापत. ते लाकूड पिवळट, हाडासारखं टणक. पण झाड इतकं हळू वाढणारं, की त्याचा तुकडा निघायचा तो जेमतेम तळहाताएवढा. मोठं चित्र हवं असलं की असे आठ-दहा तुकडे मागून स्क्रूने आवळून एक फळी करायची. चित्रकार तिच्यावर चित्र काढून द्यायचा, मग स्क्रू सोडून तुकडे हातोहात वाटले जायचे. आभाळ एकाकडे, कपड्यांच्या चुण्या लेओनीकडे, चेहरे बाझील म्हाताऱ्याकडे आणि केस ऑर्तांसकडे. शेवटी तुकडे पुन्हा आवळले, की मालक, म्हणजे मस्ये गोद्रों, स्वतः बसून सांधे बुजवत. सगळ्यांचे हात एकाच माणसाचे वाटले पाहिजेत, हा त्यांचा हट्ट.

कोरलं ते पांढरं राहणार, राखलं त्याला शाई लागणार. एकदा गेलेलं लाकूड परत येत नाही. म्हणून कोरणी लाकडाला टेकली की ऑर्तांस श्वाससुद्धा बेतानं घ्यायची.

बारा वर्षांची होती तेव्हापासून ती हे करत होती. आता सेहेचाळीसची झाली होती. नवरा कॉलऱ्यात गेला, तेव्हा मुलगी झोए चार वर्षांची. पुढची पंधरा वर्षं घरात दोघीच. झोए टोप्यांना पिसं लावण्याच्या कामाला जायची. संध्याकाळी परतायची ती भुवयांवर निळी-हिरवी पिसं घेऊनच. आणि तिचे केस! गडद तांबूस, कमरेच्या खाली जाणारे, मानेपाशी एक बट हट्टानं उलटी वळणारी. ऑर्तांस घोडागाडीत बसली तरी समोरच्यांचे चेहरे बघायची नाही, केस बघायची. तिने उभ्या पॅरिसचे केस पाहिले होते. झोएसारखे पाहिले नव्हते.

केसांखाली झोएचे कान मात्र बाहेर आलेले होते. बापाचे कान. शाळेत पोरी तिला ‘दोन कानांची सुरई’ म्हणायच्या, तेव्हापासून तिने ते कधी कुणाला दिसू दिले नव्हते. उन्हाळ्यातसुद्धा केस कानांवरून ओढून घेतलेले.

“देवानं केस दिले ते कान झाकायला,” ऑर्तांस म्हणायची.

“आणि कान दिले ते तुझी बोलणी ऐकायला,” झोए म्हणायची.

फेब्रुवारीत ते राजाचं काम आलं. देशाचा इतिहास दर आठवड्याला थोडा थोडा छापून निघत होता, त्यातल्या एका भागासाठी. जुना फ्रँक राजा दरबारात बसलेला. घडीच्या सिंहासनावर, मागे जड पडदा, एका बाजूला बिशप, दुसऱ्या बाजूला कुऱ्हाडी घेतलेले सरदार, समोर गुडघ्यावर आलेले परक्या मुलखाचे वकील. अकरा तुकड्यांची फळी. मधल्या तुकड्यावर राजाचं डोकं, आणि खांद्यावरून छातीपर्यंत आलेले त्याचे केस. चित्रकाराने ते नुसते पातळ करड्या रंगात भरून दिले होते. रेघ कशी जाईल, कुठे वळेल, हे कोरणाऱ्यानं ठरवायचं.

“यांना म्हणे जन्मात कात्री लावायची नाही,” गोद्रोंनी सोबत आलेला कागद वाचून सांगितलं. “केस आहेत तोवर राजा. कापले की राज्य गेलं, मग मठात बसा जपमाळ ओढत. मादाम ऑर्तांस, या चित्रात राजा म्हणजे तुमचे केसच. बाकी सगळं सामान.”

“माझा चेहरा सामान काय?” बाझील आपल्या टेबलावरून म्हणाला.

“तुमचा चेहरा पासष्ट वर्षांपूर्वीच सामान झाला,” लेओनी म्हणाली, आणि बाझील सगळ्यांत मोठ्यानं हसला.

रविवारी ऑर्तांसने मुलीला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं, केस मोकळे सोडले आणि कागद-पेन्सिल घेतली. झोएने पलंगावरची चादर खांद्यावर ओढली, सूपचा डाव हातात धरला आणि हनुवटी वर केली.

“दासी, आमची कॉफी आणा.”

“हलू नकोस.”

“राजे हलत नाहीत, हुकूम सोडतात. चिकोरी कमी घाला म्हणावं, आमच्या राज्यात दुष्काळ नाही.”

“झोए, मान.”

“मामाँ, खरंच केस कापले की राज्य जायचं?”

“जायचं म्हणतात.”

“मग मी महाराणी आहे,” झोए म्हणाली. “शेजारच्या मादाम प्य्वीला सांग, उद्यापासून जिन्यात भेटली की वाकायचं.”

दोघी इतक्या हसल्या की बटाटे-कांद्याचं सूप खाली लागलं. तेच खाल्लं. झोए त्या दिवशी थोडंच जेवली. डोकं दुखतंय म्हणाली. ऑर्तांसला वाटलं, दिवसभर ताठ बसवलं म्हणून.

बुधवारी ताप चढला. शनिवारी डॉक्टरने विषमज्वर म्हणून सांगितलं आणि झोएला इस्पितळात हलवलं. तिथे भेटीचे वार दोनच, गुरुवार आणि रविवार. पहिल्या रविवारी पोरीला शुद्ध नव्हती, म्हणून सिस्टरने ऑर्तांसला दारातूनच परत पाठवलं. गुरुवारी ती दोन संत्री घेऊन गेली. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना पांढऱ्या पडद्यांचे पलंग. ऑर्तांस सवयीने केस बघत चालली, आणि मुलीच्या पलंगावरून पुढे निघून गेली.

“मामाँ.”

ती मागे वळली. उशीवर एक लहानसं भादरलेलं डोकं होतं.

“नियम आहे,” सिस्टर मागून हळूच म्हणाली. “ताप डोक्यात साठतो. आणि उवा.”

“कुठे आहेत? केस कुठे ठेवलेत?”

“जाळतात, मादाम. या तापातलं काहीच ठेवत नाहीत.”

ऑर्तांस स्टुलावर बसली. तिने संत्रं सोलायला घेतलं. चौतीस वर्षं जिचे डोळे केसाच्या अर्ध्या जाडीएवढी रेघ ओळखत होते, तिला समोर बघवेना. ती संत्र्याकडे बघत राहिली, मग चादरीच्या किनारीकडे, मग पलंगाच्या लोखंडी दांडीवर टांगलेल्या आकड्याकडे.

“माझं राज्य गेलं,” झोए म्हणाली. ओठ फुटले होते, तरी हसायला बघत होती. “मामाँ, कान फार दिसतात का गं?”

“वाढतील,” ऑर्तांस चादरीकडे बघत म्हणाली.

“ते नाही विचारलं. कशी दिसते मी?”

“वाढतील गं केस. उन्हाळ्यापर्यंत खांद्याला येतील बघ. घे, एक फोड खा, माझी चिमणी ती.”

झोएने फोड तोंडात धरली, गिळली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “राजाचे झाले?”

“अर्धेसुद्धा नाही. मालकांनी तुकडा मला राखून ठेवलाय.”

“त्याचे तरी पूर्ण कर.”

घंटा झाली. बाहेरच्यांनी निघायचं. ऑर्तांसने मुलीचा हात दाबला, कपाळाला ओठ लावले, तेही डोळे मिटून. दारापाशी गेल्यावर वळून बघावं असं तिच्या मनात आलं होतं. रविवारी बघू, तोवर मन घट्ट करू, असं म्हणून ती जिना उतरली.

रविवार आलाच नाही. झोए शनिवारी सकाळी गेली.

दफन सोमवारी झालं. मंगळवारी ऑर्तांस कामावर हजर. लेओनीने तिची खुर्ची खिडकीकडे सरकवली, बाझीलने तिच्या कोरण्या धार लावून ठेवल्या होत्या. गोद्रोंनी तो तुकडा कपाटातून काढून, वाळू भरलेल्या चामडी उशीवर तिच्यापुढे ठेवला. तिने झोएचे केस काढलेला रविवारचा कागद आरशापुढे टेकवला, कारण ठशावर सगळं उलटं कोरायचं असतं, आणि कामाला लागली.

सहा दिवस ती त्या केसांत होती. जेवायला उठवलं की उठायची, बसवलं की बसायची. भांगापाशी रेघ निघायची ती खांद्यावरून वळून छातीवर येईपर्यंत कुठे तुटायची नाही. झोएच्या केसांना खिडकीचा उजेड जिथे लागायचा तिथे तिने उजेड ठेवला. मानेपाशी ती उलटी बटही आली. कानाचा प्रश्नच नव्हता, ते सगळं केसांखाली. सातव्या दिवशी गोद्रोंनी ठशावर काजळी लावली, वर तलम कागद ठेवला आणि हाडाच्या पट्टीने घासला. कागद उचलला तेव्हा सगळे आपापल्या जागा सोडून आले होते.

बाझीलने भिंग डोळ्याला लावलं, बराच वेळ ठेवलं.

“वारा लागतोय याला,” तो म्हणाला. “दरबार बंद आहे, पडदे जड आहेत, आणि याच्या केसांना वारा लागतोय.”

ऑर्तांसने मान हलवली. त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली, लेओनीच्या डब्यातलं चीजसुद्धा. केस जाळले होते, पण ते इथे होते. हजारो घरांत जाणार होते.

प्रकाशकाचं पत्र पुढच्या सोमवारी आलं. सोबत तोच काजळीचा कागद, आणि राजाच्या केसांवर लाल पेन्सिलीने मारलेली फुली. गोद्रोंनी पत्र दोनदा वाचलं, मग न राहवून मोठ्याने वाचलं. मजकूर लिहिणाऱ्या प्राध्यापकांचं म्हणणं, चित्रकाराने घराणंच चुकवलं. लांब केसांचे राजे आधीच्या प्रकरणातले. हा पुढच्या घराण्यातला. याचे केस कानाच्या वर. मिशा तेवढ्या बरोबर आहेत. दुरुस्ती करून ठसा शुक्रवारी छापखान्यात पोचला पाहिजे.

“आणि वर लिहिलंय,” गोद्रों म्हणाले, “की याच घराण्यानं शेवटच्या लांब केसांच्या राजाला भादरून मठात धाडलं.”

“घ्या!” बाझील उसळून म्हणाला. “म्हणजे आपण न्हाव्याच्याच डोक्यावर केस लावले! आता पाठवा महाराजांना कात्रीखाली...” आणि तो मध्येच थांबला. ऑर्तांसकडे न बघता त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. “माझी जीभ झडो,” तो पुटपुटला.

ऑर्तांस उठून मालकांपुढे उभी राहिली.

“नवा तुकडा घालू, मालक. हा स्क्रू सोडून काढू आणि त्याच मापाचा कोरा बसवू. हा मला द्या. नवा मी चार दिवसांत पुरा करून देते, चेहऱ्यासकट.”

“मादाम ऑर्तांस, त्या तुकड्यावर पडदा आहे, बिशपची काठी आहे, अर्धा सरदार आहे. चित्रकार गावाला गेलाय. शुक्रवारी कसं होणार? माझ्या हातात असतं तर...” त्यांनी पत्राची घडी घातली. “ठिगळच मारावं लागेल.”

ठिगळ म्हणजे काय ते तिला सांगायची गरज नव्हती. जिथलं चुकलं तिथे गिरमिटाने भोकं पाडायची, लाकडाचा भुगा करून टाकायचा, त्या खड्ड्यात नव्या लाकडाची खुंटी ठोकायची, घासून सपाट करायची आणि तिच्यावर नवं कोरायचं. केस पडद्यावर होते. ते गेले की तिथे पडदा यायला हवा, आणि डोक्याला कानापर्यंतचे आखूड केस.

“मी करतो,” बाझील म्हणाला. “तू घरी जा, पोरी. शनिवारी ये.”

“केस माझे आहेत,” ऑर्तांस म्हणाली.

“म्हणूनच म्हणतोय.”

“बाझील, दुसऱ्या कुणी तरी कापले, मी नव्हते तिथे. हे तरी परक्या हाताने नकोत.”

तिने गिरमीट घेतलं. खांद्यावरचे केस आधी गेले, मग छातीवरचे. लाकडाचा पिवळा भुगा वळवळत वर यायचा आणि ती फुंकर मारायची. मानेपाशी त्या उलट्या बटेवर टोक टेकवलं तेव्हा तिचा हात थांबला. लेओनीने मान फिरवली. मग गिरमीट पुन्हा फिरू लागलं.

चार खुंट्या ठोकून झाल्या. पडदा लेओनीने केला. उरली ती कानावरची खुंटी, आणि तिच्यावर काढायचे आखूड केस. बाझीलने खुर्ची जवळ ओढली.

“कान माझ्याकडे दे. कान चेहऱ्यात येतो, माझं काम आहे ते.”

“कान पण मीच करते,” ऑर्तांस म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि खुर्ची मागे नेली.

कोरणी हातात होती, आणि समोर बोटाच्या पेराएवढं कोरं लाकूड. कुठे बघून कोरणार? कागद नव्हता, आरशात काही नव्हतं. आखूड केसांचं एकच डोकं तिच्या मनात येत होतं, आणि त्याच्याकडे तिने बघितलं नव्हतं. ती डोळे मिटून बसली. संत्र्याचा वास आला. चादरीची निळी किनार आली, दांडीवरचा आकडा आला, सतरा. तिने स्वतःला वर बघायला लावलं. कितीदा तरी नजर खाली पडली, कितीदा तरी तिने ती उचलली.

आणि मग दिसलं. बघितलं नव्हतं असं तिला वाटत होतं. पण त्या सवयीच्या डोळ्यांनी पलंग ओलांडताना सगळं टिपून ठेवलं होतं. सिस्टर घाईत होती. कात्रीच्या पायऱ्या पडल्या होत्या, कपाळाकडे खोल, मागे उथळ. कानशिलावर एक चिमूट केस कापायचे राहून गेले होते, पिसासारखे उभे. आणि कान. बापाचा बाहेर आलेला कान, तापाने लाल झालेला, इतका पातळ की मागच्या खिडकीचा उजेड त्यातून आरपार येत होता.

तिने कोरायला घेतलं. दोन दिवस लागले. पायऱ्या पायऱ्यांसारख्याच कोरल्या. कानशिलावरची चिमूट ठेवली. कानाची पाळी शेवटी आली. तिथे रेघा विरळ केल्या, म्हणजे उजेड यावा. काम संपलं, तिने वाकून फुंकर मारली आणि वर न बघता अगदी हळू म्हणाली, “छान दिसतेस गं. कान छान आहेत तुझे.”

शेजारी लेओनी होती. तिने ऐकलं, आणि कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नाही.

गुरुवारी काजळीचा कागद उचलला. गोद्रों खूप वेळ बघत राहिले.

“मादाम, हे केस... थोडे ओबडधोबड आलेत. राजाचे आहेत. कात्रीचे टप्पे दिसतायत.”

“घाईत कापलेले आहेत, मालक.”

बाझीलने भिंग लावलं. “कान जरा बाहेर आलाय,” तो म्हणाला. कुणी काही बोलायच्या आत त्यानेच भिंग खाली ठेवलं. “आहे तो बरोबर आहे. हात लावू नका याला.”

प्राध्यापकांचं काही म्हणणं आलं नाही. ठसा शुक्रवारी गेला.

महिन्याच्या शेवटी गोद्रोंनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर काजळीचे दोन्ही कागद होते. एक लांब केसांचा, लाल फुलीसकट. दुसरा नंतरचा.

“फुली पुसता येईल,” ते म्हणाले. “ब्रेडच्या गोळीनं, हलक्या हातानं. मी करून देतो. हा तुमच्याकडे असावा.”

ऑर्तांसने लांब केसांवर एकदा बोट फिरवलं, कागदाला न टेकवता.

“हे मला पाठ आहेत,” ती म्हणाली. “दुसरा द्या.”

तिने पुढे अकरा वर्षं काम केलं, डोळे देत होते तोवर. केसच कोरले, तेवढेच चांगले, पण वारा लागलेले पुन्हा कुणी पाहिले नाहीत. तो कागद घरी चुलीच्या वर, सूपच्या डावाशेजारी टाचलेला होता. जिन्यातली मादाम प्य्वी एकदा मीठ मागायला आली तेव्हा म्हणाली, “तुझा नवरा राजांच्या नावानं बोटं मोडायचा. तो असता तर त्यानं घरात राजाची तसबीर लावू दिली नसती हो.”

“बसा ना,” ऑर्तांस म्हणाली. “कसा दिसतो ते सांगा.”

मादाम प्य्वीने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा नाकावर चढवला. तिला ठरवायला वेळ लागला. तोवर ऑर्तांस त्या भादरलेल्या डोक्याकडे एकटक बघत राहिली. तिने नजर हलवली नाही.